‘साहेब, दोनच मिनिटं थांबलो होतो’

रविवारची संध्याकाळ आणि पुण्याचा लक्ष्मी रस्ता. घरची मंडळी साडीच्या दुकानात शिरलेली, एक जण स्टिअरिंगवर बसून, इंजिन चालू, चारही इंडिकेटर लुकलुकताहेत. तेवढ्यात काचेवर टकटक होते. ‘साहेब, गाडी लावलेली नाही, नुसता थांबलोय. मी गाडीतच आहे की!’ दादरच्या रानडे रोडवर, नागपूरच्या सीताबर्डीत, नाशिकच्या मेन रोडवर हीच विनवणी थोड्याफार फरकाने ऐकू येते. पोलीस काही बोलत नाही. हातातल्या यंत्रावर नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. मोबाइलवर संदेश येतो तेव्हा साडीचा रंगही ठरलेला नसतो. दंड ५०० रुपये.

चालकाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. ‘थांबणं’ आणि ‘लावणं’ यांत कायदा फरक करतोच. फक्त तो फरक ज्या जागी आहे असं बहुतेकांना वाटतं, तिथे तो नाही.

केंद्र सरकारने २०१७ साली वाहन चालवण्याचे नवे विनियम लागू केले आणि १९८९ पासून चालत आलेले जुने नियम बाजूला झाले. या विनियमांत पार्किंगची व्याख्या दिलेली आहे. माणसं किंवा सामान लगेच चढवणं-उतरवणं एवढ्याच कामासाठी गाडी उभी केली, तर ते थांबणं. त्याखेरीज कुठल्याही कारणासाठी गाडी उभी करून ठेवली, तर ते पार्किंग. शिवाय तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभी राहिलेली गाडी पार्क केलेलीच धरली जाते. व्याख्या एवढीच आहे, पण ती नीट वाचली की निम्मे गैरसमज गळून पडतात.

आता लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या गाडीकडे पुन्हा पाहावं. मंडळी उतरली, दार लागलं, तिथे थांबण्याचं कारण संपलं. त्यानंतरचा प्रत्येक क्षण ‘वाट पाहणं’ या सदरात जातो, म्हणजेच पार्किंगमध्ये. घड्याळात दोन मिनिटं झाली की दहा, हा प्रश्न तिथे येतच नाही. तीन मिनिटांची मुभा वाट पाहणाऱ्याला दिलेली नाही. ती आजीला हात धरून उतरवणाऱ्याला, डिकीतून बॅग काढणाऱ्याला आहे. औषधाच्या दुकानात धावत जाऊन येणारा, एटीएमच्या रांगेत उभा राहणारा, वडापाव बांधून घेणारा, यांपैकी कोणीही ‘लगेच चढवणं-उतरवणं’ करत नसतो.

‘मी गाडीतच होतो’ हा बचावही असाच. व्याख्येत चालक आत आहे की बाहेर, याचा उल्लेखच नाही. चालक आत असण्याचा संबंध येतो तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ मध्ये, आणि तोही निराळ्या कारणाने. सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, असं ते कलम सांगतं. इंजिन आणि एसी चालू ठेवून, शेजारच्या आसनावर आईला आणि मागे पोरांना बसवून दुकानात पळणारा माणूस नो पार्किंगच्या भानगडीत पडतोच, वर हे कलमही मोडतो. शेजारी बसलेल्या आईकडे परवाना असला तरी उपयोग नाही. ती चालकाच्या आसनावर नसते.

चारही इंडिकेटर चालू केल्याने मनाई उठत नाही. ते दिवे बिघाडाची किंवा धोक्याची सूचना देण्यासाठी असतात. उलट फोटोत ते लुकलुकताना दिसले, तर गाडी जाणूनबुजून उभी केली होती, एवढंच सिद्ध होतं.

पाट्यांकडे थोडं बारकाईने पाहायला हवं, कारण दंड पुष्कळदा पाटी न वाचल्यामुळे होतो. लाल कडा असलेली निळी गोल पाटी आणि तिच्यावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर तिथे पार्किंगला मनाई आहे. माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. त्याच निळ्या पाटीवर दोन लाल रेघा एकमेकींना छेदून फुली झाली असेल, तर तिथे थांबायलाही मनाई आहे. फुलीच्या पाटीखाली आजीला उतरवणंही चुकीचं, मग ते वीस सेकंदांत का उरकेना. उड्डाणपुलाचा चढ, अरुंद पूल, मोठा चौक अशा जागी ही फुली दिसते. पाटीखाली छोटी आयताकृती पट्टी असेल तर तीही वाचावी. तिच्यावर वेळ लिहिलेली असते, किंवा मनाई कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवणारा बाण असतो. ‘सकाळी ८ ते रात्री ८’ असं लिहिलेल्या जागी रात्री नऊला उभ्या केलेल्या गाडीवर त्या पाटीच्या आधारे दंड होऊ शकत नाही.

आणि ‘पी १’, ‘पी २’. रस्त्याच्या एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला गाड्या लावायच्या, ही पुण्या-मुंबईतली जुनी व्यवस्था. पुण्यात पी १ विषम तारखेचं, पी २ सम तारखेचं. रात्री बाराला तारीख बदलते आणि काल कायदेशीर असलेली गाडी आज बेकायदा होते. महिना ३१ दिवसांचा असला की ३१ आणि १ या दोन्ही तारखा लागोपाठ विषम येतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीही बाजू तीच राहते. सवयीने बाजू बदलणारा नेमका त्या दिवशी सापडतो.

पाटी नसली म्हणजे रान मोकळं, असंही नाही. काही जागा पाटीशिवायच वर्ज्य आहेत: चौकाजवळ, वळणावर, चढाच्या माथ्यावर, पदपथावर, सायकल मार्गावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्याजवळ, शाळेच्या आणि रुग्णालयाच्या दाराशी, अग्निशमनाच्या नळापुढे, दुसऱ्या उभ्या गाडीला लागून, आणि रस्त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून. शेवटची गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणीच पाळत नाही. बसथांब्याची मात्र गंमत नाही. थांब्यावर एक कार उभी राहिली की पीएमपीची किंवा बेस्टची बस रस्त्याच्या मध्यात थांबते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत चढावं लागतं आणि मागची सगळी रांग अडते. ‘दोन मिनिटं’ थांबलेल्या एका गाडीचा भुर्दंड असा शे-दीडशे माणसं भरतात.

सोसायटीच्या फाटकावरची पाटी हा आणखी एक खास मामला. ‘गेटसमोर गाडी लावू नये, अन्यथा चाकातील हवा सोडण्यात येईल’ अशी धमकी सोसायटीने किंवा घरमालकाने रंगवलेली असते. ती सरकारी पाटी नव्हे. वाहतुकीच्या मनाईचा आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली निघतो आणि अधिकृत पाटी लागते ती त्या आदेशानुसार. हवा सोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसं करणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. पण म्हणून फाटक अडवणाऱ्याची सुटका होत नाही. कुणाच्याही प्रवेशद्वारापुढे गाडी उभी करायला मुळातच मनाई आहे, पाटी असो वा नसो. दुकानदारांनी पुढ्यात मांडलेल्या कुंड्या, खुर्च्या आणि दगड यांना कायद्याचा आधार नाही, हेही इथेच सांगून टाकावं.

आता पैशांचं. साध्या नो पार्किंगला लागतं ते कलम १७७. २०१९ पूर्वी या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला फक्त १०० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या गुन्ह्याला ३०० रुपयांपर्यंत दंड होता. सुधारित कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला आणि हे आकडे अनुक्रमे ५०० आणि १,५०० झाले. महाराष्ट्राने मात्र विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर वाढीव दंड रोखून धरला. राज्यात नवे दर प्रत्यक्षात आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. ‘कालपरवापर्यंत शंभर-दोनशेत भागत होतं’ असं जे लोक आजही म्हणतात, त्यांची आठवण त्या सव्वादोन वर्षांतली आहे.

याच दुरुस्तीने कलम १७७ (अ) हे नवं कलम आणलं. वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग केल्यास त्याखाली किमान ५०० आणि कमाल १,००० रुपये दंड आहे. म्हणजे पाटी नसलेल्या पण विनियमांनी वर्ज्य केलेल्या जागीही खिशाला चाट बसू शकते. गाडीमुळे रहदारी अडत असेल तर कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आणि गाडी हटवण्याचा खर्च वेगळा.

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम १२२. इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल, किंवा होण्याची शक्यता असेल, अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी उभं राहू देऊ नये, असं ते म्हणतं. त्यात पाटीचा उल्लेख नाही आणि वेळेचाही नाही. एक मिनिट थांबलेली गाडीही त्यात बसते. रस्ता अडवण्याचा प्रकार गंभीर असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागू शकतं. जुन्या दंड संहितेत या गुन्ह्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. तिथे मामला यंत्रावरच्या चलनापुरता राहत नाही, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो.

दंड वाढवला की शिस्त येते का? मुंबई महापालिकेने तो प्रयोग करून पाहिला. ७ जुलै २०१९ पासून पालिकेच्या २६ सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावणाऱ्याला ५,००० रुपयांपासून २३,२५० रुपयांपर्यंत दंड जाहीर झाला. मोटारीसाठी आकडा १०,००० ते १५,१०० रुपये होता. वाहनतळ जवळच असताना गाडी रस्त्यावर का, हा पालिकेचा सवाल रास्तच होता. पण मोहीम सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे होतात न होतात, तोच खुद्द महापौरांची गाडी विलेपार्ल्यात नो पार्किंगमध्ये उभी असल्याची छायाचित्रं झळकली आणि वाहतूक पोलिसांना तिच्यावर ई-चलन करावं लागलं. जेवायला थांबलेल्या महापौरांनाही रस्त्यावरची जागाच सोयीची वाटली, यातच या दुखण्याचं मूळ आहे.

दंडापेक्षा लोकांना धास्ती असते ती गाडी उचलली जाण्याची. कलम १२७ इथे स्पष्ट आहे. पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टोइंग करून नेण्याचा किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार आहे, मात्र त्याची परवानगी देणारा त्या हद्दीतला, गणवेशातला पोलीस अधिकारी असला पाहिजे. क्रेनवर काम करणारी ठेकेदाराची मुलं आपल्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत. पोलीस जागेवर नसेल आणि मुलं हूक लावत असतील, तर शांतपणे ‘साहेब कुठे आहेत?’ एवढंच विचारावं, आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू ठेवावं. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, दंडाव्यतिरिक्त द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. पावतीवर दंड आणि टोइंगचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं आहे ना, ते पाहूनच पैसे द्यावेत.

गाडीत माणूस असताना ती ओढून नेण्याचा प्रकार मुंबईत घडला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एका मोटारीत आई बाळासह मागच्या आसनावर बसलेली असताना ती गाडी टो केली गेली. चित्रफीत देशभर फिरली, पोलीस शिपाई निलंबित झाला आणि चौकशी लागली. पुण्यात नाना पेठेत ऑगस्ट २०२१ मध्ये तर दुचाकी तिच्यावर बसलेल्या मालकासकट क्रेनने वर उचलली; त्याही चित्रफितीवर गदारोळ उठला. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी टोइंग काही काळ थांबवूनच पाहिलं. या घटनांवरून एवढं नक्की म्हणता येतं की आत माणूस असलेली गाडी उचलणं पोलिसांनाही महागात पडतं. पण ‘आत बसून राहिलो की काही होत नाही’ असा धडा त्यातून घेणाऱ्याने चलनाचा फोटो विसरू नये. गाडी जागेवर राहील, दंड मात्र होईल.

क्रेन आली आणि मालक धावत पोचला, तर बहुतेक ठिकाणी दंड घेऊन गाडी सोडतात. हा रिवाज आहे, कायद्यात लिहिलेला हक्क नव्हे. तेव्हा हुज्जत घालण्यापेक्षा ‘दंड भरतो, गाडी काढतो’ म्हणणं फायद्याचं. ऐनवेळी मंत्र्याच्या स्वीय सहायकाला फोन लावणाऱ्यांची गाडी बहुधा आधी उचलली जाते. गाडी जागेवर दिसत नसेल तर चोरीची तक्रार देण्याआधी रस्त्यावर खाली पाहावं. टोइंगवाले बऱ्याचदा खडूने चौकीचं किंवा वाहतूक विभागाचं नाव लिहून जातात. काहीच लिहिलेलं नसेल तर जवळच्या वाहतूक चौकीत किंवा ११२ वर विचारता येतं. गाडी ताब्यात घेताना बंपर, आरसे, पुढच्या-मागच्या चाकांजवळचा पत्रा नीट पाहावा आणि नुकसान दिसलं तर तिथेच, पैसे भरून बाहेर पडण्याआधी, फोटो काढून लेखी नोंद करायला लावावी. घरी आल्यावर दिसलेला ओरखडा क्रेनमुळे आला हे पटवून देणं जवळपास अशक्य असतं.

आता चलनाबद्दल, कारण हल्ली पावती फाडणारा पोलीस कमी आणि फोटो काढणारा जास्त. राज्यभर ई-चलन २०१९ पासून चालतं. चलन गाडीच्या मालकाच्या नावावर निघतं, चालवणारा कोणीही असो. मेहुण्याने गाडी नेली आणि नो पार्किंगमध्ये उभी केली, तरी संदेश मालकाला येतो. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, याची माहिती पोलिसांनी मागितल्यावर देणं कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे. आरसी बुकात जुना मोबाइल नंबर असेल तर संदेश भलत्याच माणसाला जातो आणि मालकाला पत्ता लागतो तो थेट गाडी विकताना, तेव्हा कामं अडलेली असतात.

चलनाचा संदेश आला की पहिलं काम म्हणजे फोटो उघडून पाहणं. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्य पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की चलन, जागा, तारीख, वेळ आणि छायाचित्र दिसतं. फोटोत गाडी आपलीच आहे का? नंबर नीट वाचला गेलाय का? जागा कुठली, पाटी दिसते का, सिग्नलला थांबलेल्या गाडीलाच तर पकडलं नाही ना? रंगाने आणि मॉडेलने सारखी दिसणारी दुसरीच गाडी किंवा ३ चा ८ झालेला नंबर, हे घडतं. असं असेल तर तिथेच तक्रार नोंदवावी आणि सोबत पुरावा जोडावा.

इथे तीन मिनिटांच्या नियमाची अडचण लक्षात येते. छायाचित्र एका क्षणाचं असतं. गाडी तिथे किती वेळ होती, हे त्यातून कळत नाही. आजारी माणसाला रुग्णालयाच्या पायरीशी उतरवत असताना फोटो निघाला, तर थांबणं कायदेशीर असूनही चलन येऊ शकतं. त्यामुळे आपल्या बाजूने वेळ दाखवणारी वस्तू जपून ठेवावी: डॅशकॅमचं चित्रीकरण, रुग्णालयाच्या केसपेपरवरची वेळ, इमारतीच्या सीसीटीव्हीची नोंद. फोटो कशाने काढला, हाही मुद्दा आहे. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन करू नये, असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये काढले आहेत. चौकातल्या कॅमेऱ्याने आपोआप पकडलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची, हा केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ (अ) मधला दंडक आहे. तारखांची तुलना करायला दोन मिनिटं लागतात, ती जरूर द्यावीत.

चलन मान्य नसेल तर तडजोड शुल्क भरायची सक्ती नाही. प्रकरण न्यायालयापुढे नेता येतं. ५०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. रजा, रिक्षाभाडं आणि मनस्ताप धरला तर साध्या चलनात ते परवडत नाही. पण चूक नसताना भरलेलं चलन गाडीच्या नावावर पहिला गुन्हा म्हणून चढतं, हे हिशोबात धरावं. थकलेली चलनं राष्ट्रीय लोकअदालतीपुढे घेतली जातात आणि त्याच्या नोटिसाही येतात. तिथे निम्मी माफी ठरलेलीच असते, अशी समजूत करून वर्षानुवर्षं चलनं साठवून ठेवणारे लोक आहेत. माफीची हमी कोणीही दिलेली नाही, आणि दरम्यान परिवहन कार्यालयातली कामं खोळंबतात.

अलीकडचा नवा धोका म्हणजे खोटी चलनं. ‘आपल्या वाहनावर दंड आहे, चलन पाहण्यासाठी फाइल उघडा’ असा व्हॉट्सॲप संदेश येतो, सोबत एपीके फाइल असते. ती उघडली की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि बँक खातं रिकामं होतं. खरं चलन एपीके फाइलमध्ये कधीच येत नाही. संदेशातल्या दुव्यावर बोट न ठेवता ॲप किंवा सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा नंबर टाकावा. चलन खरं असेल तर तिथे दिसेलच. आणि रस्त्यावर कोणी ‘पावती नको, दोनशे द्या’ म्हणालं, तर पावती मागावी. स्वस्तात सुटल्याचा आनंद घेणारा त्या क्षणी लाच देत असतो.

शहराबाहेर थांबण्याचा प्रश्न दंडाच्या पलीकडे जातो. द्रुतगती मार्गावर कडेची पट्टी चहा पिण्यासाठी, फोनवर बोलण्यासाठी किंवा मुलाला लघवीला नेण्यासाठी नसते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. परिवहन विभागाच्या पथकाने तो ट्रक रस्त्यात थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. नियम राबवणाऱ्यांनी थांबवलेलं वाहनसुद्धा मागून ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्याला अंधारात वेळेवर दिसत नाही. मग हौसेने सेल्फी काढायला थांबलेल्याचं काय? गाडी खरंच बंद पडली तर ती शक्य तेवढी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत (ते याचसाठी आहेत), गाडीसोबत मिळालेला लाल परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

गावात मात्र थोड्या नियोजनाने दंड टाळता येतो. मंडळींना उतरवून चालकाने सरळ एक फेरी मारावी आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर यावं. गर्दीच्या पेठेत हे वाट पाहण्यापेक्षा सोपं पडतं. पुण्यात मंडईला जायचं तर मिनर्व्हा आणि आर्यन हे वाहनतळ आहेत, दादरला कोहिनूर स्क्वेअरमधला पालिकेचा वाहनतळ आहे. तिथून पाच-दहा मिनिटं चालावं लागतं, हीच खरी तक्रार असते. शाळेशी मुलांना सोडताना फाटकापासून शंभर पावलं अलीकडे थांबावं आणि मुलाला डाव्या दारानेच उतरवावं. रस्त्याच्या बाजूचं दार फटकन उघडल्याने सायकलवाले पडतात. रुग्णाला आणलं असेल तर दारातल्या सुरक्षारक्षकाला सांगून गाडी आत घ्यावी, माणूस सोपवावा आणि लगेच बाहेर काढावी. आणीबाणी असेल तर पोलीसही सहसा अडवत नाहीत, मात्र त्याच्या नावाखाली तासभर लावलेल्या गाडीला ते ओळखतात.

पोलिसांकडूनही काही अपेक्षा आहेतच. झाडाच्या फांदीआड गेलेली, निवडणुकीच्या फलकाखाली झाकलेली, रंग उडून पांढरी पडलेली पाटी ही पाटी नव्हे. अशा जागी चलन झालं तर पाटीचा आणि रस्त्याचा फोटो त्याच दिवशी काढून तक्रारीला जोडावा. महिन्याभराने पाटी नवी झालेली असू शकते. मनाई करायची आणि मैलभर कुठेही वाहनतळ द्यायचा नाही, ही महापालिकांची जुनी खोड आहे आणि तिच्यावर नागरिकांनी बोललंच पाहिजे. पण ते वॉर्ड कार्यालयात बोलायचं, क्रेन लागल्यावर रस्त्यात नव्हे.

आज एवढं करावं: ॲप उघडून आपल्या गाडीच्या नावावर आधीचं नो पार्किंगचं चलन आहे का, ते पाहून घ्यावं. असेल, तर पुढच्या ‘दोन मिनिटांचा’ दर ५०० नसून १,५०० रुपये आहे.